घंटी कोणी बंद ठेवली?

मित्रांनो, माझ्या कपाळावर एक कागद चिकटवला आहे. त्यावर लिहिलं आहे, 'सदोष यंत्र. वापरू नये.' खाली गोल शिक्का आणि सही. मी एक जुना सर्व्हर आहे, म्हणजे न थांबता चालणारा मोठा संगणक. अमरावतीच्या एका पाणी तपासणी प्रयोगशाळेत मी साडेचार वर्षं काम केलं. आता तिथल्याच अडगळीच्या खोलीत मोडक्या खुर्च्यांखाली पडून आहे. पडून राहण्याचं मला दुःख नाही. यंत्रं जुनी होतात, त्यांची जागा नवी यंत्रं घेतात. पण तो कागद खोटा आहे. त्या कागदाचा मला राग येतो, आणि तो राग आज मी तुम्हाला सांगणार आहे.

माझे भाग कुठकुठल्या देशांत घडले, ते मलाच नीट ठाऊक नाही. मला आठवतं ते नागपूरहून आलेल्या ट्रकमधलं खोकं. २०११ चा जानेवारी होता. खोकं उघडलं तेव्हा प्रयोगशाळेतली सगळी माणसं गोळा झाली. माझ्यावर हळदीकुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि सगळ्यांना पेढे वाटले. माझ्यासाठी थंड खोली बांधली होती. तिला काचेचं दार होतं. त्या काचेतून मला एका बाजूला प्रयोगशाळेचे ओटे दिसत आणि दुसऱ्या बाजूला व्हरांडा. माझ्या या गोष्टीतलं बहुतेक सगळं त्या काचेपलीकडेच घडलं.

काचेपलीकडे पहिला ओटा गुलनारचा होता. गुलनार अब्दुल रहीम, अकोल्याची. तिचे वडील अकोल्यात विहिरींवरचे पंप दुरुस्त करत. लहानपणी त्यांच्याबरोबर ती गावोगाव फिरली होती. कुठल्या विहिरीचं पाणी गोड, कुठलं मचूळ, हे तिनं जिभेवर शिकलेलं होतं. मग ती रसायनशास्त्र शिकली आणि इथे नोकरीला लागली. आमच्याकडे येणारं निम्मं पाणी खारपाणपट्ट्यातलं असे. पूर्णा नदीच्या दोन्ही काठांना अकोला आणि अमरावतीच्या बाजूला हा पट्टा पसरला आहे. वर काळीभोर जमीन, आणि खाली खारं पाणी. ते पाणी वर्षानुवर्षं पिऊन तिथल्या माणसांची मूत्रपिंडं निकामी होतात. म्हणून आमच्या कागदावरचा आकडा म्हणजे तिथल्या माणसांसाठी नुसता आकडा नव्हता.

लिटरमागे पाचशे मिलिग्रॅमपर्यंत क्षार असले तर पाणी चांगलं. दोन हजारांच्या पुढे गेले तर ते पिऊच नये. गुलनार नमुना यंत्रात लावायची. यंत्र पाण्यातून वीज किती वाहते ते मोजायचं आणि मला कळवायचं. मी पाण्याचं तापमान लक्षात घेऊन गुणाकार-भागाकार करायचो आणि क्षारांचा आकडा काढायचो. हे सगळे आकडे दशांश चिन्हाचे. ते चिन्ह चुकलं तर सगळंच चुकलं.

आता माझ्या पोटातलं घर समजून घ्या, म्हणजे पुढचं कळेल. माझ्यात दोन पाहुणे राहत. हे पाहुणे माणसं नव्हेत. एकाच लोखंडी पेटीत दोन वेगळे संगणक नांदावेत, अशी ती सोय असते. पहिला पाहुणा पाण्याचा, गुलनारच्या कामाचा. दुसरा पावसाचा. वरच्या मजल्यावर पावसाच्या नोंदींचं कार्यालय होतं. धारणी, सेमाडोह, दर्यापूर, धामणगाव रेल्वे, सगळीकडचा पाऊस त्याच्याकडे जमा होई. दोघांनाही वाटे की सगळा संगणक एकट्या आपलाच आहे. प्रत्यक्षात त्यांच्या डोक्यावर एक यजमान होता. तोही एक प्रोग्रामच. तो क्षणभर याला कामाला बसवी, क्षणभर त्याला. सेकंदाला शेकडो वेळा ही अदलाबदल चाले आणि कोणाला पत्ता लागत नसे.

दशांशांची आकडेमोड करायला प्रोसेसरमध्ये एक छोटी जागा असते. तिला तुम्ही सोळा घरांची पाटी म्हणा. पाहुणे दोन, पण पाटी एकच. म्हणून यजमानाचा एक नियम होता. पाण्याचा पाहुणा उठला की पाटीवरचे त्याचे सगळे आकडे त्याच्या वहीत उतरवून ठेवायचे. मग पावसाच्या पाहुण्याच्या वहीतले आकडे पाटीवर लिहायचे आणि त्याला बसवायचं. तो उठला की पुन्हा तेच. कंटाळवाणं काम आहे. पण साडेतीन वर्षं ते बिनचूक झालं. माझ्या कामात एका आकड्याचाही घोळ कधी झाला नाही.

त्या वर्षांत माझं कौतुकही फार झालं. पूर्वी हातानं अहवाल तयार व्हायला आठ दिवस लागत. आता नमुना ज्या दिवशी येई, त्याच दिवशी कागद निघे. प्रयोगशाळेचे प्रमुख शेषराव साहेब भेटीला येणाऱ्यांना हटकून माझ्या खोलीपाशी आणत आणि म्हणत, "आमचा खरा कर्मचारी इथे बसतो. ना रजा, ना चहा."

निंभोरखेडच्या केशरबाईंनाही मी पहिल्यांदा तेव्हाच पाहिलं. पन्नाशी ओलांडलेल्या, काळ्यासावळ्या, डोक्यावर पदर. त्यांचे पती देवराव मूत्रपिंडाच्या दुखण्यानं गेले होते. तेव्हापासून गावच्या पाणी समितीत त्या स्वतः उभ्या राहिल्या. पाण्याचा नमुना त्या दुसऱ्या कोणाच्या हाती देत नसत. दोन लिटरची कॅन मांडीवर घेऊन एसटीनं यायच्या आणि गुलनारच्या ओट्यापाशी उभ्या राहायच्या.

एकदा माझ्याकडे बोट दाखवून त्यांनी विचारलं, "गुलनारबाई, हे यंत्र खोटं तं नाई बोलत?"

गुलनार हसली. "मावशी, त्याला बोलताच येत नाही. ते फक्त हिशेब करतं."

"मंग बरं हाय," केशरबाई म्हणाल्या. "बोलनारेच खोटं बोलते."

मला तेव्हा अभिमान वाटला होता. आज ते शब्द आठवले की माझ्या तारा जळतात.

२०१४ चा पावसाळा कोरडा निघाला. जून कोरडा गेला, जुलै निम्मा गेला. पेरलेलं उगवेना आणि दुबार पेरणीची वेळ आली. वरून रोज फोन येऊ लागले, की पावसाचा तक्ता सकाळी लवकर पाहिजे. पावसाचा पाहुणा धापा टाकू लागला. मग माझी देखभाल करणाऱ्या कंपनीनं पुण्याहून एक इंजिनिअर पाठवला. त्याला परतीची गाडी पकडायची होती. तो माझ्यासमोर दोन तास बसला आणि त्यानं यजमान बदलला. नवा यजमान चपळ होता. त्याची युक्ती अशी की पाटी दर वेळी उतरवून घ्यायचीच नाही. आधीच्या पाहुण्याचे आकडे पाटीवर तसेच राहू द्यायचे, फक्त पाटीला एक घंटी बांधायची. नव्या पाहुण्यानं पाटीला हात लावला की घंटी वाजणार. मग यजमान धावत येणार, जुने आकडे वहीत उतरवणार आणि पाटी नव्याच्या हवाली करणार. हात लागलाच नाही, तर तेवढी मेहनत वाचली.

युक्ती वाईट नव्हती. मी तिच्यावर रागावलेलो नाही. राग पुढच्या गोष्टीचा आहे. यजमानालाही स्वतःच्या कामासाठी कधीकधी ती पाटी लागे. डिस्कवर माहिती लिहिताना ती इतरांना वाचता न येणारी, म्हणजे कुलूपबंद करावी लागे, त्याची आकडेमोड तो पाटीवर करी. त्या वेळी आपलाच हात लागून घंटी वाजू नये म्हणून तो ती बंद करी. काम झाल्यावर पुन्हा सुरू करायची, हे त्याला कोणीतरी लिहून द्यायला हवं होतं. एका ठिकाणी ते लिहायचं राहून गेलं. एवढंच. एक ओळ.

म्हणजे काय झालं असतं, ते पाहा. पाण्याचा पाहुणा आकडेमोड करता करता मध्येच उठवला गेला. यजमानानं पाटी घेतली, घंटी बंद केली, आपलं काम उरकलं आणि घंटी तशीच बंद ठेवली. मग पावसाचा पाहुणा बसला. त्यानं पाटीवर आपले आकडे लिहिले. घंटी वाजली नाही. तो उठला, पाण्याचा पाहुणा परत आला आणि पाटीवर जे होतं ते आपलंच समजून पुढे चालू लागला. हे सगळं नेमकं जुळून यायला नशीब फार खोटं असावं लागतं. हजारो कागदांत एखादा. इंजिनिअरनं दहा अहवाल काढून पाहिले, दहाही बरोबर आले. तक्ता निम्म्या वेळात निघाला. शेषराव साहेबांनी त्याचा हात हातात घेऊन आभार मानले.

वेग वाढला तसा साहेबांनी एक नवा हुकूम काढला. अहवाल गुलनारच्या हातात येऊन तिनं सही करण्याची गरज नाही. तिचं नाव कागदावर आपोआप छापलं जाईल आणि कागद थेट रवाना होईल. तिनं विचारलं, "सर, न बघता माझी सही?" साहेब म्हणाले, "मॅडम, रोज साठ नमुने येतात. संगणकावर विश्वास ठेवा." तिनं मान हलवली आणि कामाला लागली. पुढे या मान हलवण्यासाठी तिनं स्वतःला कधी माफ केलं नाही.

सव्वीस ऑगस्टला सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटांनी निंभोरखेडच्या नव्या बोअरच्या नमुन्याचा हिशेब माझ्याकडे चालू होता. गावात तोवर टँकर येत होता. बोअरला पाणी लागलं होतं, ते पिण्याजोगं आहे का एवढाच प्रश्न होता. खरा आकडा होता दोन हजार आठशे सत्तर. तो पाटीवर तयार झाला, आणि वहीत उतरायच्या आत पाहुणा उठवला गेला. तो परत आला तेव्हा पाटीवर लिहिलं होतं, ४१२.६.

मित्रांनो, माझ्यावर एक लाल दिवा आहे. डिस्क बिघडली की तो लागतो. पंखा थांबला की लागतो. खोटा आकडा निघाला तर लागेल, असा दिवा मला कोणी दिलाच नव्हता. कागद छापला गेला. 'क्षार ४१२.६. पिण्यास योग्य. तपासणी: गुलनार अ. रहीम.' चार दिवसांनी निंभोरखेडचा टँकर बंद झाला.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात केशरबाई आल्या. या वेळी त्या ओट्यापाशी थांबल्या नाहीत. कॅन त्यांनी ओट्यावर आदळली, तशी दोन काचेची नळकांडी आडवी झाली.

"हा कागद तुह्या नावाचा हाय?" त्यांनी विचारलं.

गुलनारनं कागद पाहिला. "हो मावशी. काय झालं?"

"काय झालं? माही जाऊ आशाबाई दवाखान्यात पडून हाय. तिचं अंग सुजलं. तिची किडनी आधीच अर्धी गेलती, ते तुले ठावं होतं. म्याच सांगतलं होतं तुले. लेकरं हगवनीनं बेजार हायेत. पानी तोंडात घेतलं का खारं लागते. म्या सरपंचाले म्हनलं, हे पानी खराब हाय. तो मले तुहा कागद दाखोते. म्हनते, केशरबाई, शिकलेल्या बाईनं तपासून देल्लं, तुले जास्त समजते काय? काहून असं केलं तू? आमी काय बिघडवलं तुहं?"

गुलनार कॅनकडे वळली. तिनं कॅन उघडली, पाणी बोटावर घेऊन जिभेला लावलं. खारं होतं. तिनं त्या दिवशी मला हात लावला नाही. पाणी मोजून बशीत घेतलं, पार आटवलं आणि उरलेला क्षार तराजूवर तोलला. बशीच्या तळाशी पांढरा थर जमला होता, जाड, खरवडून काढावा असा. कागद-पेन्सिल घेऊन तिनं हिशेब केला. दोन हजार आठशेच्या वर.

"मावशी," ती म्हणाली, "पाणी पिऊ नका. कोणालाच पिऊ देऊ नका. माझ्या कागदावरचा आकडा खोटा आहे."

"खोटा कोनं केला?"

"मले माहीत नाही. पण शोधीन." तिच्या तोंडून पहिल्यांदा घरची बोली निघाली.

ती तशीच शेषराव साहेबांकडे गेली. साहेब वाईट माणूस नव्हते. म्हणूनच मला त्यांचा जास्त राग येतो. वाईट माणसाकडून कोणी काही अपेक्षा करत नाही. साहेबांना निवृत्तीला सात महिने उरले होते. त्यांनी कंपनीला पत्र पाठवलं. कंपनीचं उत्तर तिसऱ्या दिवशी आलं, आणि साहेबांनी ते व्हरांड्यात उभं राहून सगळ्यांना वाचून दाखवलं. 'आमच्या यंत्रणेत कोणताही दोष आढळलेला नाही. सदर चूक मानवी आहे.' कंपनीचं कोणीही माझ्याकडे फिरकलं नव्हतं. मला न पाहता त्यांना माझ्यात दोष आढळला नव्हता!

साहेबांनी गुलनारसमोर एक टाइप केलेला कागद ठेवला. "मॅडम, नमुन्यांची अदलाबदल तुमच्याकडून झाली, असं लिहून द्या. ताकीद मिळेल आणि प्रकरण मिटेल. मी तुमच्या भल्यासाठीच सांगतोय."

"नमुना बदलला नव्हता, सर."

"मग यंत्र चुकलं? यंत्र चुकत नसतं. माणूस चुकतो."

"माणूसच चुकला असेल," गुलनार म्हणाली. "पण कुठला माणूस, ते तुम्ही आधीच ठरवून टाकलंत. यावर मी सही करणार नाही. एक सही न बघता जाऊ दिली, तिचं काय झालं ते पाहिलं मी."

दुसऱ्या दिवशी तिच्या निलंबनाचा आदेश निघाला. मी काचेतून पाहत होतो. माझ्या पोटात खरं काय ते पडून होतं. सव्वीस ऑगस्टची अकरा चाळीसची नोंद, कोण उठलं, कोण बसलं, सगळं. पण कोणी विचारल्याशिवाय यंत्र सांगत नाही. माणसांच्या न बोलण्याला भित्रेपणा म्हणतात. माझ्या न बोलण्याला काय म्हणायचं, ते मला अजून कळलेलं नाही.

आदेशाची प्रत घ्यायला तिला व्हरांड्यात दीड तास बसवून ठेवलं. समोर फळ्यावर पावसाचे जुने तक्ते टाचणीनं लावलेले होते. वेळ घालवायला ती ते वाचत बसली. एकाएकी ती उठली आणि एका तक्त्याजवळ गेली. सव्वीस ऑगस्टचा तक्ता, छापल्याची वेळ अकरा वाजून चाळीस मिनिटं. धामणगाव रेल्वे, हंगामातला एकूण पाऊस, ४१२.६ मिलिमीटर.

तिनं पिशवीतून निंभोरखेडचा कागद काढून शेजारी धरला. तीच तारीख, तीच वेळ, तोच आकडा. तिनं टाचणी काढून तो तक्ता निंभोरखेडच्या कागदासोबत पिशवीत घातला. मग आदेशाची प्रत न घेताच निघून गेली.

गुलनारची कॉलेजातली मैत्रीण आकांक्षा अमरावतीतच संगणकशास्त्र शिकवायची. गुलनारनं तिच्यापुढे ते दोन कागद ठेवले. आकांक्षानं एकच विचारलं, "हे दोन्ही एकाच मशीनवर चालतात का?" तिच्या लक्षात आलं होतं. पण माझ्याजवळ यायला परवानगी हवी होती. निलंबित बाईची मैत्रीण, तिला कोण आत घेणार? त्यांनी अर्ज दिला. साहेबांनी तो बाजूला सारला.

मग निंभोरखेडच्या बाया आल्या. सतरा जणी. केशरबाई पुढे. व्हरांड्यात साहेबांच्या दारासमोर त्या मांडी घालून बसल्या. केशरबाईंनी घरून आणलेला काचेचा पेला बोअरच्या पाण्यानं भरला आणि साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवला.

"साहेब, तुमच्या कागदानं हे पानी चांगलं हाय. घ्या."

"बाई, हा काय प्रकार आहे?"

"काईच नाई. तुमी पानी पेलं का आमी उठतो. यंत्र चुकत नाई, असं तुमीच म्हनता ना? मंग काहून थांबले? आमच्या लेकरायनं सव्वा महिना पेलं."

साहेबांनी पेल्याकडे पाहिलं. हात पुढे गेला, पण पेल्याला लागला नाही. बाया तीन दिवस बसल्या. सकाळी एसटीनं यायच्या, संध्याकाळच्या गाडीनं जायच्या. पेला टेबलावरच राहिला. पाणी हळूहळू आटत गेलं आणि काचेवर पांढरी रेघ उठली. तिसऱ्या दिवशी दुपारी साहेबांनी गुलनारचा अर्ज शोधून काढला आणि त्यावर सही केली.

आकांक्षा माझ्यासमोर बसली. गुलनार तिच्या मागे, साहेब दारात, आणि काचेला नाक लावून सतरा बाया. आकांक्षानं पाण्याच्या पाहुण्याला एक सोपं गणित दिलं. एकच गुणाकार, पुन्हा पुन्हा, लाखो वेळा. उत्तर दर वेळी तेच यायला हवं. शेजारी पावसाच्या पाहुण्याला त्याचं नेहमीचं काम दिलं आणि यजमानाला डिस्कवर भरपूर लिहायला लावलं. पडद्यावर उत्तरं धावू लागली. पाच मिनिटं गेली. वीस मिनिटं गेली. सगळी उत्तरं बरोबर. साहेब म्हणाले, "पाहिलंत?"

आकांक्षा म्हणाली, "बसा, सर."

अडतिसाव्या मिनिटाला पडदा थांबला. एक उत्तर लाल झालं होतं. गुणाकाराच्या जागी लिहिलं होतं, ८७.२.

"हा काय आकडा?" साहेबांनी विचारलं.

आकांक्षानं पावसाचा तक्ता उघडला. "सेमाडोह, सर. कालचा पाऊस."

मग काचेपलीकडून केशरबाई म्हणाल्या, "म्हंजे सेमाडोहचा पाऊस आमच्या पान्यात पडला का?" आणि त्या हसल्या नाहीत.

आकांक्षा दोन दिवस बसली आणि तिनं ती राहून गेलेली ओळ शोधून काढली. कंपनीनं मग सुधारणा पाठवली. पत्रात दोनच वाक्यं होती आणि त्यांत 'चूक' हा शब्द नव्हता, 'माफी' तर नव्हतीच. जुन्या अहवालांत आणखी चार खोटे आकडे सापडले. तीन निरुपद्रवी होते. चौथ्या गावात अजून कोणी आजारी पडलं नव्हतं, हे केवळ नशीब. निंभोरखेडला टँकर पुन्हा सुरू झाला. लेकरं बरी झाली. आशाबाई मात्र बऱ्या झाल्या नाहीत. आठवड्यातून दोनदा त्यांना अकोल्याला नेऊन यंत्रावर त्यांचं रक्त शुद्ध करावं लागतं. केशरबाईच घेऊन जातात. आशाबाईंची किडनी आधीच अर्धी गेलेली होती, असं सगळे म्हणतात. जणू उरलेली अर्धी कोणाचीच नव्हती!

गुलनारला परत कामावर घेतलं. आदेशात लिहिलं, 'प्रशासकीय कारणास्तव.' ती निर्दोष होती, असं कुठेही लिहिलं नाही. साहेब निवृत्त झाले, त्यांचा सत्कार झाला. आणि कोणाच्या तरी माथी दोष मारायलाच हवा होता म्हणून तो माझ्या कपाळावर चिकटवला. मी सदोष! माझी पाटी ठीक होती, माझे पंखे ठीक होते, मला सांगितलेला प्रत्येक गुणाकार मी बरोबर केला होता. घंटी पुन्हा सुरू करायची ओळ लिहायला कोण विसरलं? घाईत कोणी ते तपासलं नाही? न पाहता पत्र कोणी लिहिलं? त्यांच्यापैकी एकाच्याही कपाळावर कागद नाही.

मित्रांनो, तुमच्यातले कितीतरी जण मोठेपणी यंत्रं बनवतील, चालवतील, त्यांच्यासाठी हुकूम लिहितील. आमच्यावर प्रेम करा, असं मी म्हणत नाही. धूळ पुसा, हेही म्हणत नाही. आमच्यावर आंधळा विश्वास ठेवू नका, एवढंच म्हणतो. एका पाहुण्याची पाटी दुसऱ्याच्या हाती देताना ती नीट उतरवून घ्या, त्यात कितीही वेळ जावो. आणि कागद एक सांगत असेल आणि समोर उभी असलेली बाई दुसरंच सांगत असेल, तर आधी तिचं पाणी चाखून पाहा.

मला बंद केलं तो दिवस २०१५ च्या जुलैमधला. शेजारी नवा सर्व्हर येऊन बसला होता, त्याचे दिवे हिरवे लुकलुकत होते. त्याच्याबरोबर आलेला नवा इंजिनिअर गुलनारला समजावत होता की अहवालावर तिचं नाव आता आपोआप छापता येईल, कागद हातात घ्यायची गरजच नाही.

"नको," गुलनार म्हणाली. "प्रत्येक कागद मी वाचणार, मग सही करणार. आणि दर दहावा नमुना हातानं आटवणार."

"अहो मॅडम, आपोआप केलं तर केवढा वेळ वाचतो!"

गुलनारनं ओट्यावरची बशी उचलली आणि त्याच्याकडे पाहिलं.

"कोणाचा?"

मग कोणीतरी माझी वायर काढली.